देवीच्या बाळाचं पुस्तक

बेबीताईचा फोन आला की अकोल्याच्या जठारपेठेतल्या बायका आधी हसायच्या आणि मग उचलायच्या. तिचा फोन कायम भीतीचाच असायचा. "बाई, त्या बाहुलीच्या लुगड्याचा लाल रंग सुटते का पाहून घ्या जरा. लेकरू चोखीन बिखीन." नाहीतर, "त्या दप्तराचा बंद दोन बोटं लांब राह्यला वाटते. कापून टाका. गळ्यात अडकला म्हंजे?" समोरची बाई म्हणायची, "अहो ताई, दप्तर बाहुलीचं आहे." त्यावर ही म्हणायची, "दप्तर बाहुलीचं हाय, पण घर तं लेकराचं हाय ना."

साठी उलटलेली बाई, आणि नाव बेबी. खरं नाव कोणी विचारलं तर सांगायची नाही. "आधार कार्डावर हाय, तिथंच राहू द्या," म्हणायची. अंगाने काटकुळी, बोटं मात्र जाड आणि नखांच्या कडांना कायम वाळलेली खळ. वीस-बावीस वर्षं तिने एका छापखान्यात शाळांची रजिस्टरं बांधली होती. तो बंद पडल्यावर घरीच बाहुल्यांच्या वस्तू करायला लागली. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात तेव्हा दोन्ही देवींच्या पुढे त्यांची बाळंही बसतात, हात-दीड हात उंचीची. त्यांच्यासाठी अंगडी-टोपडी सगळीकडे मिळतात. बेबीताई त्यांच्यासाठी पुस्तकं करायची. काडेपेटीएवढी पुस्तकं, कापडी कण्याची, दोऱ्याने शिवलेली, सोळा पानांची. शिवाय पाटी, डबा, कंपासपेटी, भिंतीवर लावायचा वारांचा तक्ता.

मी तिच्याकडे कागदाच्या घड्या घालायला जायची. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मोर्शीजवळच्या आमच्या गावात. लग्न होऊन अकोल्याला आले. नवरा दालमिलमध्ये. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभच वळत नाही. बेबीताईकडे बोलावं लागत नसे, म्हणून मला ते काम आवडायचं. तिने पट्टी हातात दिली आणि म्हणाली, "घडी अशी दाबाची का तिले वाटलं पाह्यजे आपन जल्मापासून घडीच होतो."

तिची खळ ही एक गंमतच होती. पुस्तकं बांधणारे लोक खळीत मोरचूद घालतात, म्हणजे किडे लागत नाहीत. बेबीताई मोरचुदाला हात लावायची नाही. "जहर हाय ते. लेकरानं पुस्तक चाटलं तं?" नुसत्या मैद्याची खळ ती रोज सकाळी नवी शिजवायची आणि संध्याकाळी उरलेली गाईला घालायची. त्यामुळे तिच्या पुस्तकांना झुरळं लागायची. गिऱ्हाइकं तक्रार करत. एक बाई कुरतडलेलं पुस्तक घेऊन भांडायला आली होती. बेबीताईने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाली, "झुरळ जितं हाय ना? मंग लेकरालेही काई होत नाई."

दुसरी गंमत वाळ्याची. तिच्याकडे तान्ह्या बाळाचा एक चांदीचा वाळा होता. जी वस्तू त्या वाळ्यातून आरपार जाईल ती सुटी विकायची नाही, असा तिचा नियम. पेन्सिल जायची, म्हणून ती पाटीला दोऱ्याने बांधलेली. चष्मा जायचा, म्हणून तो पुस्तकावरच शिवलेला. वाळा पाहून माझ्या मनात भलतंसलतं आलं. तिला मूलबाळ नव्हतं. फार दिवसांनी धीर करून विचारलं, वाळा कोणाचा. ती म्हणाली, "सराफाकडून मोडीतला घेतला. मापाले. कायले तोंड पाडलं तू?"

आणि पुस्तकं कोरी नसायची. बारीक टोकाच्या पेनाने ती प्रत्येक पानावर काहीतरी लिहायची. पाढे, महिन्यांची नावं, अंबाडीच्या भाजीची कृती, अकोल्याहून अचलपूरला जाताना लागणारी गावं. मी म्हटलं, एवढं कोण वाचणार? "देवीचं असलं म्हून काय लेकरानं तीन दिवस कोऱ्या पानात पाह्यत बसाचं? कटाळा नाई येनार त्याले?" लिहून झालं की मला मोठ्याने वाचायला लावायची. तिच्यापुढे मला वाचता यायचं. एकदा मला दिसलं की तिने सात नव्वे चौसष्ट लिहिलंय. मी दोनदा तेच वाचलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं. सात पुस्तकं आधीच गेली होती. सातही घरी फोन केले. "तुमच्या बाळाचा पाढा चुकला, पुस्तक पाठवा." सगळी जठारपेठ आठवडाभर हसत होती.

हे सगळं सांगितलं ते यासाठी, की ती बेफिकीर बाई होती असं कोणाला वाटू नये. आणि तिचं म्हणणं कोणी मनावर का घेत नसे, तेही कळावं.

त्या वर्षी श्रावणात अमरावतीहून वकीलबाई आल्या. दरवर्षी यायच्या. हसऱ्या, भरपूर बोलणाऱ्या, साडीला अत्तराचा वास. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बेबीताई, यंदा आमचा शाळेचा देखावा आहे. आरतीनंतर दिवे मालवायचे, आणि बाळाच्या हातातलं पुस्तक उघडलं की त्यातून उजेड पडला पाहिजे. माझ्या मैत्रिणी बघत राहिल्या पाहिजेत!"

"उजेड?" बेबीताई म्हणाली. "पुस्तकातून?"

"म्हणजे विद्या हो. ज्ञान. एक मला, आणि एक माझ्या लेकीला, पल्लवीला, मोर्शीला. तिच्या सासरी सगळं साधंच असतं, म्हटलं आपण जरा काहीतरी पाठवू."

बेबीताईला ती कल्पना आवडली. इतकी आवडली की मला नवल वाटलं. घड्याळवाल्याकडून तिने तांदळाएवढा दिवा आणि रुपयाएवढा चपटा सेल आणला. मागच्या पुठ्ठ्याला कप्पा केला. मुखपृष्ठ उघडलं की तार टेकायची आणि पानं आतून पिवळी व्हायची. पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा ती हातातलं पुस्तक उघडबंद करत राहिली. त्या दिवशी तिच्या तोंडावर भीती नव्हती. तिला मी अशी कधी पाहिली नव्हती.

मग वाळा काढला. सेल आरपार गेला. तिने वकीलबाईंना फोन लावला, कप्पा शिवून टाकते म्हणाली. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, मग सेल संपल्यावर? दरवर्षी बदलता नको का यायला?" पुढच्या खेपेला त्या स्वतः आल्या तेव्हा बेबीताईने पुन्हा विषय काढला. "बाई, देवी उठल्यावर हे पुस्तक कुठं जाते?"

"पेटीत. मुखवटे, बाळं, त्यांचं सगळं पेटीत. वर्षभर कुलपात असतं."

"कुलूप म्हंजे खरं कुलूप ना?"

"खरं कुलूप," त्या हसल्या. "किल्ली माझ्या कमरेला. तुम्ही फारच घाबरता बाई."

मग बेबीताईने कप्पा एका बाजूने उघडा ठेवला आणि त्यावर नुसती कापडी पट्टी चिकटवली. मैद्याच्या खळीने.

मी तिथेच खाली बसले होते, कागदाच्या घड्या घालत. आणि मला माहीत होतं. आमच्या मोर्शीकडे बऱ्याच घरांत देवी उठते त्या दिवशी बाळांच्या हातातली वस्तू पेटीत ठेवत नाहीत. घरातल्या सगळ्यात धाकट्या लेकराच्या हातात देतात. देवीच्या लेकराने खेळलेलं म्हणून. माझ्या हाती एकदा लाकडी पोपट आला होता. हे मला तेव्हाच, त्याच मिनिटाला आठवलं. पण वकीलबाई खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांच्या घरच्या देवीचं बोलत होत्या, आणि मी कोण त्यांच्या मध्ये बोलणारी? मी घडी दाबली.

अशी पाच पुस्तकं झाली. दोन वकीलबाईंना, तीन अकोल्यातच.

देवी उठल्या. त्यानंतर आठ-नऊ दिवसांनी सकाळी खळ शिजवताना बेबीताई समाधानाने म्हणाली, "झोपले असतीन आता सगळे पुस्तकं आपापल्या पेटीत." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडं नाही झोपत." मग थांबता येईना. पोपटाचं सांगितलं.

तिने गॅस बंद केला. चमचा तसाच पातेल्यात.

"तुले हे कवापासून माहीत हाय?"

"लहानपणापासून."

"आन तवा बोलली नाई."

मी मान खाली घातली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मले वाटे मीच एकटी भित्री हावो."

तिने फोन करायला घेतले. अकोल्यातल्या तिन्ही घरी पुस्तक कपाटात होतं. तिघी हसल्या. वकीलबाईंचं कुलपात होतं, त्याही हसल्या, आणि त्यांनी पल्लवीचा नंबर दिला. पल्लवीने उचलला. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"हो काकू, ते आमच्या बिट्टूकडेच आहे ना. सोडतच नव्हता हातातून. पण आता बंद पडलंय, कालपासून उजेड येत नाही."

बेबीताई घाईने म्हणाली, "पोरी, त्याच्यात मागं सेल हाय का पाह्य. आत्ता पाह्य."

"बघते हं काकू, जरा कुकर लावलाय."

दहा मिनिटांनी पुन्हा लावला. उचलला नाही. वीस मिनिटांनी एक पुरुषी आवाज आला. पल्लवीचे सासरे. "हाव हाव, पाहू," म्हणाले आणि ठेवताना मागे कोणाला तरी म्हणाले, "तेच व, अकोल्याची भेदरट बाई."

"चाल," बेबीताई मला म्हणाली. "तुले मोर्शी माहीत हाय."

एरवी बसमध्ये बसायचं म्हणजे तिचा सोहळा असायचा. ड्रायव्हरच्या मागची सीट नको, दाराजवळची नको, चाकावरची नको. त्या दिवशी जी पहिली अमरावतीची गाडी आली तिच्यात आम्ही उभ्याने चढलो. बडनेऱ्याच्या अलीकडे पुन्हा फोन लागला.

"नाही सापडला काकू," पल्लवी म्हणाली. तिचा आवाज आता जरा बारीक होता. "केरात गेला असेल. बिट्टू झोपलाय. त्याचे दात येताहेत ना, नुसती लाळ गळतेय."

"खाल्लं का त्यानं?"

"कालपासून नाही खात. दूध पण बाहेर काढतो. आईंनी नजर काढली सकाळी."

"पोरी, माह्यं ऐक. त्याले दवाखान्यात ने. मी येतो तोवर थांबू नको."

"इथे सगळे म्हणताहेत दातांचंच आहे. मी काय..." आणि रेंज गेली.

त्या 'मी काय' नंतरचं मला न ऐकताच कळलं.

अमरावतीहून मोर्शीपर्यंत बेबीताईचे नुसते ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. कान दिला तर ती म्हणत होती, "पट्टी खळीनं चिटकवली. पट्टी खळीनं चिटकवली." मी खिडकीबाहेर पाहत राहिले. माझ्या मनात तेच, फक्त शब्द वेगळे.

घर मोठं, मागे संत्र्याची बाग. अंगणात सासरे बसले होते. माणूस वाईट नव्हता. आम्हाला पाहून उठले, हसले. "या, या. एवढ्यासाठी अकोल्याहून आल्या? बाई, संत्र्याच्या बीएवढं काळीज घेऊन जल्मल्या का काय तुमी? बसा, चहा घ्या आधी."

ती सरळ आत गेली. पाळण्याशेजारी पुस्तक पडलं होतं. तिने मागचा पुठ्ठा उघडला. पट्टी निघालेली, कप्पा रिकामा. मग तिने मुलाकडे पाहिलं. दीड वर्षाचं गोरं पोर, जागं होतं, पण रडत नव्हतं. मान जराशी पुढे काढून बसलेलं. हनुवटीखालचं झबलं ओलं आणि त्या ओलीला तपकिरी छटा.

"गाडी काढा," बेबीताई म्हणाली.

"अहो पण..."

ती त्यांच्यासमोर उंबऱ्यावर बसली आणि हात जोडले. "भाऊ, मी खोटी ठरली तं तुमी मले चपलेनं मारा. चौकात मारा. मी उभी राहीन. पण आत्ता गाडी काढा."

सासूबाई सासऱ्यांकडे पाहत होत्या, सासरे रस्त्याकडे. तेवढ्यात पल्लवीने मुलाला उचललं, कोणालाही न विचारता अंगणात गेली आणि गाडीचं दार उघडून आत बसली. डोक्यावरचा पदर पडला होता, तो तिने सावरला नाही. मग सासऱ्यांना किल्ली घ्यावीच लागली.

अमरावतीच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. मुलाच्या मानेच्या जरा खाली एक पांढरा गोल. इतका नीट गोल, की कोणाला काही समजवायला लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, अन्ननलिकेत अडकलाय, आतून जाळतोय, तोंड उघडून सांगण्याएवढा तो मोठा नाही. अजून एक रात्र गेली असती तर आम्हाला काही करता आलं नसतं. आणि ते घाईने आत गेले.

सेल निघाला. मूल वाचलं. नाकातून नळी घातली होती, तिच्यातून दूध. डॉक्टरांनी सांगितलं, आत जखम आहे, भरताना अन्ननलिका आवळू शकते. घट्ट अन्न गिळता येईल की नाही, ते काही महिन्यांनी कळेल. तोवर पातळच.

वकीलबाई धावत आल्या होत्या. त्यांनी बेबीताईला मिठी मारली. "तुमच्यामुळे वाचला हो माझा बिट्टू, तुम्ही नसत्या आल्या तर..." आणि त्याच वेळी मागून बिट्टूचा बाप म्हणाला, "त्यांच्यामुळेच मरत होता, आई." तो कामावरून परस्पर आला होता, बुटाला माती होती. "त्यांनीच केलं ना ते?"

वकीलबाईंचे हात सुटले.

बेबीताई म्हणाली, "दोन्ही खरं हाय."

मी तिच्या मागे उभी होते. माझंही काही खरं होतं, ते मी तेव्हाही बोलले नाही. परतीच्या गाडीत बोलले. म्हटलं, ताई, मी त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर तुम्ही कप्पा शिवला असता. ती म्हणाली, "हाव." एवढंच. नाही तुझी काय चूक, असं काही तिने म्हटलं नाही. खोटा धीर द्यायची तिला सवयच नव्हती. थोड्या वेळाने तिने पिशवीतून बाटली काढून आधी मला पाणी दिलं.

अकोल्यातली तिन्ही पुस्तकं तिने स्वतः जाऊन परत आणली, वकीलबाईंचं मागवून घेतलं, आणि सेल घड्याळवाल्याला नेऊन दिले. त्यानंतर तिने काही केलं नाही. बायका येत, "ताई, साधी पुस्तकं तरी द्या," म्हणत. ती मान हलवायची. माघ लागताना तिने जठारपेठेतली खोली सोडली आणि मोर्शीला खोली घेतली. लोक म्हणाले, डोकं फिरलं म्हातारीचं. पल्लवीच्या सासऱ्यांनी निरोप पाठवला होता की पुन्हा आमच्या दारात येऊ नका. ती दारात गेली नाही. दोन गल्ल्या सोडून राहिली, कागदी पिशव्या करायची, आणि रोज दुपारी बाराच्या सुमाराला त्या घराच्या कुंपणाबाहेर जाऊन उभी राहायची. हे मला माझ्या माहेरच्या माणसांनी सांगितलं.

होळीला मी माहेरी गेले तेव्हा मुद्दाम मोर्शीला उतरले. ऊन चढलं होतं. ती दुरूनच दिसली, कुंपणाच्या भिंतीला खांदा लावून, पदर डोक्यावर, मान जरा वाकडी. भिंतीच्या आत ओसरी होती. मुलाच्या जेवणाची वेळ होती. ताटलीचा आवाज येत होता, पल्लवीचा आवाज येत होता. "चावायचं. चावायचं आधी. असं."

मग खोकला आला. लहान मुलाचा, कोरडा, थांबेना असा. बेबीताईने दोन्ही हात भिंतीवर ठेवले. ताटली खाली ठेवल्याचा आवाज आला. पल्लवी "बाळा, बाळा" म्हणत होती. मी जागच्या जागी उभी राहिले. खोकला थांबला. मग काहीच नाही. रस्त्याने एक सायकल गेली, तिची साखळी कुरकुरत होती, आणि तेवढाच आवाज.

"पोई!" आतून बिट्टू ओरडला. "आई, अजून पोई!"

"अरे हो, देते पोळी. गिळली का आधीची? आ कर बघू. आ."

"आ!"

मी हाक मारणार होते. तिचं नाव तोंडात आलं होतं. पण बेबीताईने भिंतीवरचे हात काढले, पदराचं टोक घेतलं आणि आपलं तोंड पुसलं, जेवण झाल्यावर पुसतात तसं. मग उन्हातून आपल्या खोलीकडे चालायला लागली.